प्रभुदास कुणाकडं कलला?

आणि वर मलाच म्हणतात, "तुला काय रे यशया, नुसतं मधे तर बसायचं!" नुसतं मधे बसायचं? तुम्हाला सांगतो, एकदा बसून बघा मधे! डाव्या कानात एक भाऊ ओरडतोय, उजव्या कानात दुसरा ओरडतोय, मागं दोघांच्या बायका पदर खोचून उभ्या, पुढ्यात कुत्रं भुंकतंय, ते कुत्रं कुणाच्या बाजूनं भुंकतंय त्यावरून आणखी एक भांडण, आणि आपण हसायचं नाही, रडायचं नाही, मान हलवायची नाही, जांभई तर द्यायचीच नाही, कारण जांभई कुणाच्या बोलण्याला आली ते दोन्हीकडची मंडळी जन्मभर लक्षात ठेवतात! सुताराला लाकूड असतं, शिंप्याला कापड असतं, मला काय आहे? दोन तोंडं! तीही दुसऱ्यांची! हा काय धंदा झाला का, तुम्हीच सांगा!

आणि मी काही हौसेनं नाही हो घेतला. मला कोपरगावला जायचं होतं. आमचा मामा तिथं साखर कारखान्यात आहे, तो म्हणाला, "ये, वजनकाट्यावर लावतो. उसाची गाडी आली की हात करायचा, गाडी गेली की हात खाली." अहो, माझ्यासाठीच काढलेली नोकरी! मिशनच्या शाळेतून चौथीत पळालेला माणूस मी, मला दुसरं काही येत नसलं तरी हात वर-खाली करता येतो. पिशवी भरून ठेवली होती. आणि दादा गेला.

दादा म्हणजे प्रभुदास, माझा थोरला भाऊ. होळी झाली आणि गेला. अजून दारात कुणी खाकरलं की मला वाटतं तोच आला. वहिनी अजून रेशनच्या तांबड्या मिलो ज्वारीच्या भाकरी त्याच्या भुकेनं थापते, आणि त्याची भाकरी टोपल्यात तशीच राहते, आणि ती त्या भाकरीकडं बघत बसते, म्हणून मी ती खातो. पोट भरलेलं असतं तरी खातो. लोक म्हणतात, भाऊ गेला आणि हा सुटलाय बघा… म्हणू द्या. काय सांगत होतो? हां, धंदा.

तर हा धंदा मुळात दादाचा. आधी तो नगरला बोर्डिंगात वाढपी होता. एक पातेलं आमटी, समोर शंभर पोरं, आणि प्रत्येक पोराला वाटतंय शेजारच्याच्या ताटात डाळ जास्त पडली! तिथं शिकला तो. मला म्हणायचा, "यशा, भांडण डाळीचं नसतंच रे, शेजारच्या ताटाचं असतं." मग गावाला आला, पारनेरच्या अलीकडचं आमचं गाव, आणि कुणाचा बांध, कुणाची विहीर, कुणाचं सोयरिकीत फिसकटलेलं, जो तो म्हणायला लागला, प्रभुदासला बोलवा. का? तर हा कुणाच्या भावकीतला नाही, कुणाच्या पंगतीतला नाही, मिशनचा माणूस, इकडचा नाही आणि तिकडचाही नाही. मधे बसवायला सोयीचा!

आणि बसायचा कसा! मला अजून दिसतो. मी लहान असताना मला सायकलच्या नळीवर बसवून न्यायचा, नळीवर टॉवेलची घडी घालून, म्हणायचा, "गप बसलास तर येताना शेव घेईन." मी सगळ्या वाटेनं बडबडायचो आणि तरी शेव मिळायची. तिथं गेलं की हा थेट बांधावर बसायचा, एक पाय ह्याच्या वावरात, एक पाय त्याच्या वावरात, टोपी गुडघ्यावर. आणि गप्प! कुणी काय वाट्टेल ते बोलो, हा गप्प. माणसं बोलून बोलून दमायची, जुनं उकरायची, आजोबा-पणजोबा काढायची, घसे बसायचे, आणि मग एकदम कुणाच्या तरी तोंडून खरं निसटायचं. "पाण्याचं न्हाई रं, तू माझ्या पोरीच्या लग्नाला आला न्हाईस!" की दादा टोपी डोक्यावर घालायचा. टोपी घातली म्हणजे समजायचं, मिटलं. मी म्हणायचो, दादा, तू तर काहीच बोलला नाहीस. तो म्हणायचा, "मग? माझं थोडंच भांडण होतं!"

फी मात्र घ्यायचा. पैसा नाही, धान्य नाही, कोंबडी नाही. तांब्या! दोन्ही घरचा एकेक तांब्या पाणी. पण कसा? घराच्या आत, घोंगडीवर बसून, घरातल्या रोजच्या तांब्यातून, स्वतःच्या हातानं. तुम्ही म्हणाल, एवढ्याशा पाण्यासाठी काय एवढं? तुम्हाला सांगतो, आमचा आजा गावच्या शिवेचा माणूस होता. दोन गावांत शिवेचं भांडण लागलं की त्यानं पुढं चालायचं आणि पाटलानं मागं, आजा जिथनं चालेल तिथनं शीव, त्यापुढं सरकारही गप्प! आणि चालून चालून तहान लागली की त्याच पाटलाच्या वाड्याबाहेर खाली बसून ओंजळ करायची, वरून कुणीतरी ओतायचं. म्हणजे शब्द खरा माणसाचा, आणि ओंजळ… जाऊ द्या. म्हणून दादाची फी तांब्या. दोन्हीकडचा. एका घरचा प्याला आणि दुसऱ्या घरचा राहिला, तर ती मध्यस्थी नाहीच, असा त्याचा नेम.

आता आबासाहेब आणि बन्सी हे दोघे सख्खे भाऊ, आणि बायडाबाई ही त्यांची आई. त्यांच्या घराची वाटणी दादानंच केली होती. त्या वेळी बायडाबाई तांब्याला तयारच होईना. म्हणाली, "वरून वाढते की लेकरा, पोटभर वाढते." दादा उठला, "सलाम मावशी," म्हणाला आणि चालू लागला. इकडं पोरांनी एकमेकांच्या डोक्यात पाट घातले तशी म्हातारी तांब्या घेऊन पळत आली ओढ्यापर्यंत! "पी बाबा, पी, पण माझी पोरं सांभाळ!" दादा म्हणाला, "इथं नाही मावशी. घरात." परत आली त्याला घेऊन. तो प्याला, आणि त्याच्यासमोरच म्हातारी राखेनं तांब्या घासायला बसली, खसाखसा! मला राग आला. दादा हसत म्हणाला, "घासा मावशी, अजून घासा, पुढच्या वेळी मला त्यात तोंड दिसलं पाहिजे." म्हातारी आधी लाजली, मग हसायला लागली, मग पदर तोंडाला लावून इतकी हसली, की घासायचं अर्धंच राहिलं. नंतर नंतर तर नुसता विसळायची.

आणि त्या वाटणीत दादानं काय केलं, विहिरीचा दोर दिला आबासाहेबाला आणि चाक दिलं बन्सीला! मी म्हणलं, दादा, डोकं फिरलं का? म्हणाला, "असू दे. कधीतरी लागतील एकमेकांना." लागतील कसले! आबासाहेब चाकाशिवाय कठड्याच्या दगडावरूनच दोर घासत ओढायचा, आणि बन्सी जुन्या पटक्यांना आणि चऱ्हाटांना गाठी मारून ते चाकावरून ओढायचा, गाठ चाकात अडकली की विहिरीलाच शिव्या. पण एकमेकांना मागतील तर शपथ!

मग बहात्तर सालचा पाऊस आलाच नाही. विहीर तळाला गेली. आता पाळी ठरलेली होती, सकाळ आबासाहेबाची आणि संध्याकाळ बन्सीची. पाणी भरपूर होतं तोवर कुणाला फरक पडत नव्हता. पण यंदा काय व्हायचं, रात्रभर जे काय झरायचं ते सकाळी आबासाहेब उपसून न्यायचा आणि संध्याकाळी बन्सीच्या बादलीत बेडूक! एक दिवस त्यानं तो बेडूक नेऊन आबासाहेबाच्या ओसरीवर ठेवला. "हा तुझा, सकाळचाच हाय." झालं! प्रभुदासला बोलवा!

दादा गेला. आधी आबासाहेबाकडं. घोंगडीवर बसला, तांब्या घेतला, प्याला. मग बन्सीकडं निघाला. दोन्ही घरांच्या मधे एक बांध आहे, त्यावर टेकला, टोपी गुडघ्यावर ठेवली, आणि छातीवरून हात फिरवला म्हणे. आणि गप्प झाला.

आता दादाचं गप्प बसणं तालुक्याला ठाऊक! दोघं भाऊ काय समजले? मध्यस्थी चालू झाली! एक इकडून, एक तिकडून, "प्रभुदास, तूच सांग!", "प्रभुदास, मी काय येडा हाय का?" बोलता बोलता तावातावानं विहिरीकडं पळाले, "चल, दावतो तुला पाणी कुठवर हुतं!", मागनं बायकाही पळाल्या. परत आले तर दादाची मान एका बाजूला कललेली. तरी हे बोलतातच! बन्सी मला नंतर सांगत होता, "यशया, एवढं मनातलं मी बायकोलाबी कधी बोललो न्हवतो रं. असा ऐकत हुता, असा ऐकत हुता…"

तेवढ्यात बायडाबाई आमच्या वहिनीला, हन्नावहिनीला, हाताला धरून ओढत घेऊन आली. वहिनी लांबच थांबली. म्हणाली, "अहो, बास करा. ते गप्प बसलेले नाहीत."

…

मी खडी फोडायच्या कामावर होतो. मला बोलवायला आले तेव्हा मी मुकादमाची नक्कल करत होतो. सगळी हसत होती.

असो. पुरला त्याला. पाळकसाहेबांनी प्रार्थना केली, सगळा गाव आला, आबासाहेब रडला, बन्सी रडला, मला वाटलं आता तरी हे शहाणे होतील. होतात कुठले! दफनभूमीच्या फाटकाबाहेर पाऊल पडलं आणि बन्सी म्हणाला, "निकाल लागला. त्याची मान माझ्या घराकडं कलली हुती. सकाळ माझी." आबासाहेब म्हणाला, "शेवटचं पाणी माझ्या घरचं पिला तो. माझ्या बाजूनंच गेला. सकाळ माझीच." म्हणजे मेलेल्या माणसाचीही ओढाताण! जिवंतपणी ज्याची मान कुणी हलवू शकलं नाही, त्याच्या मानेवरून पंचायत! आणि बाजारात काय झालं, दोघांचंही सगळ्यांना खरं वाटलं! चहाच्या टपरीवर माझ्या कानानं ऐकलं, "काही म्हणा, आयुष्यभर मधे बसला, शेवटी एका बाजूचा झालाच की." मी कप फोडला तिथं. टपरीवाला म्हणाला, तुझा भाऊ असता तर असं केलं नसतं. अरे, माझा भाऊ असता तर मी हे ऐकलं असतं का!

घरी आलो, पिशवी उचलली, म्हणलं, वहिनी, मी चाललो कोपरगावला. ती तवा घासत होती. मान वर न करता म्हणाली, "जा. फक्त एक सांग. आपण त्यांना सरळ निजवलं होतं ना?" म्हणलं, हो. "मग लोकांनी त्यांना वाकडं कशाला करावं?"

आता सांगा, यावर कोण गाडी पकडेल? पिशवी खाली ठेवली. म्हणलं, दादाचा एक तांब्या राहिलाय, तो मी पितो, दोन्ही घरं सारखी करतो, त्याचं नाव सरळ करतो, आणि उद्याच्या गाडीनं जातो. एवढं सोपं! पाणीच तर प्यायचं! हा काय धंदा झाला का, म्हणलं, हे तर म्हसरंही करतात!

गेलो. दादाची टोपी घातली, ती माझ्या कानांवर आली. बन्सीकडं घोंगडीवर बसलो. त्याची बायको म्हणाली, "नुसतं पाणी कसं द्यायचं, भाकरतुकडा खा." तिनं दिला ठेचा. तुम्हाला सांगतो, तो ठेचा नव्हता, सूड होता! तांब्या रिकामा केला तरी जीभ थांबेना, दुसरा मागितला, प्यालो, आणि समोरच्या ओसरीवरून आबासाहेब ओरडला, "दोन! दोन पिला! म्हंजे भाऊ तसाच हा!" मी पळत आबासाहेबाकडं, "आणा, तुमचा एक आणा, बरोबरी करतो." तो प्यालो. बन्सी म्हणाला, "आबाचा तांब्या थोरला हाय, दीड भरतो!" मी परत बन्सीकडं. अहो, दुष्काळात लोकांच्या घशाला कोरड, आणि मी पखालीसारखा डुबुक डुबुक करत ह्या दारातून त्या दारात! मधे बांधावर बसून बघितलं, म्हणलं, दादासारखं गप्प राहावं. मी आणि गप्प! मी झोपेतसुद्धा बोलतो! एक पाय इकडं, एक पाय तिकडं, आणि पोटात विहीर. दात-ओठ आवळून बसलो. आबासाहेब म्हणाला, "असं तोंड काय करतो? माझं बोलणं कडू लागतं काय?"

आणि मग म्हणाला ते म्हणाला. "ह्याचा भाऊबी असाच. आत एक, बाहेर एक. पाणी माझ्या घरचं पिऊन शेवटाला कलला तिकडंच ना?"

माझं डोकं गेलं. हात उचललाच होता. पण दादाचा नियम, मधल्यानं हात उचलायचा नाही. मग उचललेल्या हाताचं करायचं काय? काही सुचेना, म्हणून पळत सुटलो, ते थेट विहिरीवर! ओरडलो, "ज्या पाण्यावरून माझ्या भावाला वाकडा केलात, ते पाणीच ठेवत नाही!" पायऱ्या उतरलो, पायऱ्या संपल्या, खाली यंदा खणून खोल केलेला भाग, तिथं पायऱ्या कुठल्या, मारली उडी!

अहो, उडी मारायला पाणी लागतं! खाली गुडघाभर चिखल. असा रुतलो, की टोपी वर आणि मी खाली. आणि पडता पडता मनात काय आलं सांगू? आमच्या आज्याला ह्या विहिरीच्या पहिल्या पायरीवर उभं राहू देत नव्हते. आणि नातू बघा, थेट तळाला!

वर बघितलं तर गोल आभाळ, आणि कडेनं डोकी. आबासाहेबाचं, बन्सीचं, बायकांची, पोरांची. "जिता हाय का रं?" मी म्हणलं, आहे! आणि सांगून ठेवतो, तांबे पोटात मोजून भरलेत तुम्ही, आणि आता मला… मला लघवीला लागलीय!

तुम्हाला सांगतो, वाटणी झाल्यापासून ते दोघे भाऊ पहिल्यांदा एकाच आवाजात ओरडले. "थांब!!"

"धर रं, धर! नेट लाव!" आबासाहेब ओरडतोय. "वढा त्याला वर, आधी वढा!" बन्सी ओरडतोय. "दोर टाक की!" "दोर टाकतो, पण दगडावरून वढला तर तुटंल, माणूस हाय, बादली न्हाई! चाक आण तुझं!" "आणतो! तू दोर आण!" आणि पळाले दोघे दोन दिशांना. मी खाली पाय आवळून उभा. दादा, म्हणलं, लागले रे, लागले एकमेकांना. पण जरा लवकर लागू दे!

वर फक्त बायडाबाई राहिली. कठड्यावर बसली, वाकून खाली बघायला लागली. बाकीच्यांना वाटलं, म्हातारी मला धीर देतेय. ती हळूच म्हणाली, "लेकरा, तो कुणाकडंच कलला न्हाई रं. मान मी वळवली त्याची."

मी म्हणलं, काय?

"ही समदी हिरीकडं पळाली तवा मी दारात हुते. त्याचं तोंड बघितलं, समजलं मला. तांब्या घेऊन गेले. बसायला जागा न्हवती, बांधाच्या बन्सीकडच्या अंगाला बसले, त्याचं डोस्कं खांद्यावर घेतलं आन् पाजलं. दोन घोट गेलं. तिसरं व्हटावरून खाली आलं. मग मी हन्नाला बोलवायला पळाले. मान तशीच राह्यली, मी ठिवली तशी."

खाली मी बोलायचंच विसरलो. मी! मग विचारलं, मावशी, तांब्या कुठल्या घरचा?

"ह्या म्हैन्याला मी बन्सीकडं जेवते. त्याच्याच घरचा."

म्हणजे आबासाहेबाकडचा प्याला होता, आणि बन्सीकडचाही प्याला! घोंगडीवर बसून नसेल, पण म्हातारीच्या खांद्यावर डोकं ठेवून! दोन्हीकडचा! पुरी झाली होती हो त्याची मध्यस्थी! मी ओरडलो, अगं मावशी, मग इतके दिवस बोलली का नाहीस? त्याला बाजारात नागडा केला लोकांनी!

ती म्हणाली, "कशी बोलू? तांब्या बन्सीचा म्हणलं असतं, तर आबा म्हणाला असता, म्हातारी बन्सीला मिळाली. पुढच्या म्हैन्याला त्याच्याकडं जेवायचं मला. मी बी मधीच हाय की रं लेकरा. लई वर्सं झाली. मला तर कुणी तांब्याबी देत न्हाई."

मग मी रडलो. दादा गेल्यापासून रडलो नव्हतो, कप फोडले, टोपल्यातल्या भाकरी खाल्ल्या, पण रडलो नव्हतो. त्या चिखलात, पाय आवळून, पोट धरून, हुंदके देत रडलो. तेवढीच विहिरीला भर. वरून म्हातारी विचारते, "रडतोस का मुततोस?" म्हणलं, रडतोय मावशी, शपथेनं रडतोय!

ते दोघे आले, दोर आणि चाक घेऊन. चाक बसवलं, दोर घातला, टाकला खाली. मी धरला नाही. म्हणलं, आधी आई काय म्हणते ते ऐका. दोघांनी ऐकलं. मग आबासाहेबाचा आवाज आला, बारीक, "म्हंजे आपुन भांडत हुतो, आन् आई त्याला पाणी पाजत हुती." बन्सी म्हणाला, "आपुन परत येऊनबी भांडलो, आबा." मी म्हणलं, हे फार चांगलं चाललंय, चालू द्या, पण मला घाई आहे! सकाळ कुणाची ते बोला! बन्सी म्हणाला, "आबाला राहू द्या." आबासाहेब म्हणाला, "न्हाई, बन्सीला राहू द्या." आता ह्यावरून भांडण! मी म्हणलं, सोडतो हां मी! तसे दोघे ओरडले, "दोगांची! दोगांची! एक बादली त्याची, एक बादली माझी, सकाळच्यालाच!" "आणि दोर? चाक?" "एका जागी! हितंच राहील!" "आणि आईला महिना-महिना फिरवायचं?" तर म्हातारीच वरून म्हणाली, "ते ऱ्हाऊ दे. दोन सुना आसल्या म्हंजे चव बदलती."

ओढला मला. दोघांनी मिळून, चाक कुरकुरत. वर येऊन मी कुणाला सलामही केला नाही, थेट निवडुंगामागं पळालो.

घरी येऊन वहिनीला सगळं सांगितलं. आबासाहेब दुसऱ्या दिवशी स्वतः त्या टपरीवर जाऊन सांगून आला, प्रभुदास सरळच गेला म्हणून, मग तेही तिला सांगितलं. वहिनीनं हातातली भाकरी खाली ठेवली. मग म्हणाली, "पाणी गार होतं का रे? ते विचारलंस का?" नव्हतं विचारलं. दादा असता तर नेमकं तेच विचारलं असतं. मी परत गेलो विचारायला. म्हातारी म्हणाली, "गार म्हंजे? माठातलं हुतं. सांग तिला." सांगितलं. वहिनी बरं म्हणाली आणि चुलीकडं वळली.

म्हणलं, झालं, दादाचं नाव सरळ झालं, आता कोपरगाव! पिशवी घेतली, फाट्यावर उभा राहिलो. तर गाडीच्या आधी माणसं आली! कुठं कुठं बातमी गेली म्हणे, प्रभुदासच्या धाकट्या भावाचं काम लई कडक, तो थेट विहिरीतच उतरतो, मिटल्याशिवाय वर येत नाही! अहो, ते कौशल्य नव्हतं, ते माझं डोकं फिरलं होतं! पण ऐकतंय कोण? आता जिथं जाईन तिथं आधी दोर तयार! चहा नाही, घोंगडी नाही, "या, या, विहीर हिकडं हाय!" दादानं एवढी वर्षं बांधावर बसून जे कमावलं, ते सगळं माझ्या एका उडीत बुडालं. हा काय धंदा झाला का, तुम्हीच सांगा!

परवा शनिशिंगणापूरच्या अलीकडच्या दोन जावा आल्या. एक बोलते, दुसरी म्हणते खोटं. दुसरी बोलते, पहिली म्हणते साफ खोटं. मी म्हणलं, बायांनो, तुमच्यात विहीर आहे का? थोरली म्हणाली, "न्हाई." मला इतकं बरं वाटलं! म्हणलं, मग माझा काही उपयोग नाही. सलाम! धाकटी म्हणाली, "थांबा की भाऊ. न्हाई म्हणून तर दोगांलाबी खणाया लावलंय."

"कुणाला?"

"आमच्या नवऱ्यांना. तोंड बघत न्हवती एकमेकांचं. आता एकाच खड्ड्यात हायेत, एक खणतो, एक माती वढतो, भाकरीबी तितंच खात्यात. तुमच्या उडीपुरती झाली की निरोप धाडू म्हणाल्यात."

त्यांचं मिटलंय हे मला कळतंय, तुम्हाला कळतंय, त्या खड्ड्यालासुद्धा कळतंय. पण ते त्या दोघांना सांगायचं, तर मला उडी मारावीच लागणार की नाही?